वसराम ग्रेडर आणि बर्फावरचे नमुने

इरा, नील,

तुम्हाला ग्रेडर आजोबा कायम अर्धेच दिसले. आपला रविवारचा व्हिडिओ कॉल सुरू झाला की मी स्क्रीनच्या मधोमध बसायचे, आणि डाव्या कडेला एक काळा खांदा, एक मोठा कान आणि पांढऱ्या मिशीचं एक टोक, एवढंच तुमच्या वाट्याला यायचं. नीलने एकदा विचारलं होतं, "आजी, त्यांना दुसरी बाजू आहे का?" आहे. ती लिहून ठेवावी म्हणून आज टेबल पुसून बसले आहे.

त्यांचं नाव वसराम. आर्णीत त्यांचं आडनाव कुणी विचारलंच नाही. लहानथोर सगळे वसराम ग्रेडर म्हणत. गावाबाहेरच्या तांड्यात त्यांचं घर. कापूस खरेदी केंद्रावर त्यांची सारी नोकरी झाली. शेतकऱ्याची बैलबंडी किंवा टेम्पो आला की त्यातला कापूस कोणत्या प्रतीचा आहे ते हाताने पारखून सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर गावोगाव मीठ वाहून नेत. "त्यायनं दुसऱ्याचा माल वाह्यला, मी दुसऱ्याचा माल पारखला," असं ते सांगत. "आपला माल कवा नव्हताच, बाई. म्हणून तर डोळा साफ राह्यला."

बाई म्हणजे मी. मी त्यांच्या मुलीला शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हापासूनची बाई.

आता तो काळा खांदा. वसरामभाऊ बारा महिने काळा कोट घालायचे. आर्णीचा मे महिना तुम्ही एकदाच पाहिला आहे आणि तेव्हा तुम्ही दोघं दिवसभर कूलरसमोर बसून होता. त्या उन्हातही कोट. नवख्या माणसाला ते वकील वाटत. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी कोटाची डावी बाही माझ्यापुढे धरली. "बाई, हे माही पाटी हाय." मग दाखवलंच. चिमूटभर कापूस घेतला, सरकी काढून टाकली, उरलेला दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, जुळवला, पुन्हा ओढला, आणि शेवटी हातात राहिलेले तंतू त्या बाहीवर निजवले. काळ्यावर पांढरा तंतू असा स्पष्ट दिसला की माझ्यासारखीलाही त्याची लांबी कळली. तंतू पाहून झाले की ते तोंडाने काही बोलत नसत. नुसती बोटं वर करत. एक बोट म्हणजे सर्वांत चांगली प्रत, दोन म्हणजे मधली, तीन म्हणजे सर्वांत हलकी. बोललं की वाद सुरू होतो, बोटाशी कोण वाद घालणार, असं त्यांचं म्हणणं.

पारखण्याच्या त्यांच्या दोन रीती होत्या. पहिली, माल कुणाचा ते पाहायचं नाही. बंडी आत आली की मालकाला म्हणायचे, "मालक, तिकडं चहा घ्या." टेम्पोवर नाव रंगवलेलं असलं तर त्यावर पोतं टाकायला लावायचे. दुसरी, वरचा कापूस मोजायचा नाही. वर सगळेच चांगला कापूस पसरतात. वसरामभाऊ बाही दुमडून हात कोपरापर्यंत आत खुपसायचे आणि तिथला कापूस काढायचे.

एकदा मोठ्या माणसाचा टेम्पो आला. मोठा म्हणजे ज्याला पाहून काटेवालाही उभा राहायचा. नावावर पोतं टाकलेलं होतं, त्यामुळे वसरामभाऊंना पत्ता नव्हता. की होता, कोण जाणे. हात कोपरापर्यंत गेला आणि मुठीत कवडी आली, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. त्यांनी तीन बोटं वर केली. चहा टाकून तो माणूस धावत आला. "वसराम, माल कोणाचा हाय माहीत हाय का तुले?" वसरामभाऊंनी मूठ उघडून दाखवली. "कोणाचा हाय ते यानं नाही सांगतलं, मालक. कसा हाय ते सांगतलं."

त्या बोटांपायी त्यांना तीन आठवडे वजनकाट्यावर बसवण्यात आलं. चौथ्या आठवड्यात बंडीवाले म्हणाले, वसराम हात घालील तेव्हाच आम्ही माल उतरवू. मग त्यांना परत आणलं. यावर ते एवढंच म्हणत, "काट्यावर बसाले खुर्ची व्हती. आराम झाला."

माझ्याकडे ते वर्षातून एकदा यायचे, वाती वळायला लांब धाग्याचा कापूस घेऊन. निवृत्त झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यात असेच दुपारी आले, तेव्हा मी नीलने तुमच्या त्या बर्फाच्या देशातून पाठवलेला आइस हॉकीचा एक जुना सामना लावून बसले होते. खरं सांगते, नील, मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. तू 'बघच आजी' म्हणून लिहिलं होतंस, म्हणून मी वही-पेन घेऊन बघत होते. वसरामभाऊ कापसाची पिशवी हातात धरून दारातच थबकले.

"बाई, हे लोक घसरून काहून नाही पडत?"

"त्यांच्या बुटांना खाली पाती असतात."

"पात्यावर तर अजून घसरन माणूस."

मी तो प्रश्न वहीत टिपून ठेवला. ते तसेच उभे. दहा मिनिटांनी म्हणाले, "थो जाळीपाशी उभा हाय, थो कोण?"

"गोलकीपर."

"सारे त्या काळ्या चकतीमागं पळून राह्यले. अन् चकती शेवटी येते याच्यापाशी. घ्याची का नाही घ्याची, ते हा एकलाच सांगते." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. "हा त्यायचा ग्रेडर हाय, बाई."

त्या दिवसापासून दुपारी तीनला ते यायला लागले. बर्फ त्यांनी जन्मात उसाच्या रसाच्या गाडीवरच पाहिला होता.

त्याच महिन्यात तुमचं ते भांडण झालं. जागतिक स्पर्धांमध्ये सगळ्यात मोठा गोलकीपर कोण? नीलचा एक, ज्याचं चित्र त्याच्या पलंगावर होतं. इराचा दुसरा. तुम्ही दोघं कॅमेऱ्यासमोर एकमेकांना उशा मारत होता, आणि मला फक्त उशा दिसत होत्या.

"कायले भांडून राह्यले पोट्टे?" वसरामभाऊंनी विचारलं. मी सांगितलं. ते कोपऱ्यातून स्क्रीनकडे वाकले. तुम्हाला त्यांचा पूर्ण चेहरा दिसला असेल तर तेवढ्याच वेळी. "नावं झाकून नमुने धाडा," ते म्हणाले. "मी पारखतो."

तुम्ही अकरा गोलकीपरांचे सामने पाठवलेत. ऑलिंपिकचे, जागतिक स्पर्धांचे, जुने, नवे. मी एका लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून स्क्रीनवर चिकटवायची पट्टी तयार केली, म्हणजे नावं आणि गोलांचा आकडा झाकला जाईल. आवाज बंद. इंग्रजी समालोचन पहिल्याच दिवशी त्यांनी थांबवायला लावलं होतं. "हा दलाल हाय. लय ओरडते. दलाल ओरडला म्हणून धागा लांब होत नाही." मी फुलस्केप वहीत पट्टीने रकाने आखले. नाव नाहीच म्हटल्यावर ओळखायचं कसं, म्हणून त्यांनी एकेकाला टोपणनाव दिलं. उंच होता तो लंबू. सारखा गुडघ्यांवर बसायचा तो बेडूक. एक सतत पंचाशी तोंड वाजवायचा, ती सासू.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी निम्मे सामने बाद केले. दुबळ्या संघाविरुद्धचे सगळे बाजूला. "हा वरचा कापूस, बाई. वर पसरलेला. हरला तर पेटी बांधून घरी जा लागते, असे सामने काढा. हात तिथी घालू."

मी तुम्हाला तसं कळवलं. नीलने लिहिलं, हे बरोबर नाही, त्याच्या गोलकीपरचे सगळे विक्रम त्याच सामन्यांतले आहेत. मी ते वाचून दाखवलं. वसरामभाऊ मिशीतल्या मिशीत हसले.

आणखी एक गोष्ट तुम्हाला तेव्हा खटकली होती. त्या हिवाळ्यात एक मोठा अंतिम सामना थेट दाखवणार होते. तुम्ही फोन केला, आजोबांना आत्ताच बोलाव. मी निरोप धाडला. ते आले, आणि सामना आत्ता चालू आहे असं कळताच उठले.

"ओला नमुना मी पारखत नाही."

"म्हणजे?"

"दोन दिवस वाळू द्या. मंग पाहू."

का, ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. थंडीची सकाळ, दहिवर पडलेलं. आदल्या दिवशी त्यांना मुलगी झाली होती. केंद्रावर पहिलीच बंडी आली, हात घातला, कापूस मऊ, लांब, रेशमासारखा. त्यांनी एक बोट वर केलं. माल चांगल्या कापसाच्या गंजीवर पडला. दुपारी ऊन तापलं, कापूस वाळला आणि खरा रंग दिसला. आखूड, पिवळट. तोवर तो साऱ्या गंजीत मिसळला होता. ज्यांनी खरंच चांगला पिकवला होता त्यांचीही गंजी एका पायरीने खाली गेली.

"नमुना ओला व्हता, बाई," ते म्हणाले, "अन् मीबी ओला व्हतो. पोरगी झाल्ती ना. त्या दिवशी मले गोटाबी एक नंबर दिसला असता."

मी इतकी वर्षं पेपर तपासले, पण स्वतःच्या चुकीबद्दल इतकं नेमकं कधी बोलले नाही. त्या दिवशी वहीत आणखी एक रकाना वाढवला: 'वाळला का?'

सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र उशिरा आला. सातवा की आठवा गोलकीपर चालू होता. वसरामभाऊ अचानक म्हणाले, "मांगं घ्या. गोल खाल्ला तिथपासून." मी मागे घेतलं. "आता लंबूचा लावा. त्यानं गोल खाल्ला तो." लावला. "आता सासूचा." असं करत संध्याकाळचा चहा राहून गेला. मग ते खुर्चीत मागे टेकले.

"सारी दुनिया हे पाह्यते की यायनं किती अडवले. मी आता हे पाहून राह्यलो की एक घुसल्यावर हे काय करतेत. लंबू पाणी पेते. सासू पंचाले शिव्या देते. तो बुटका पायानं बर्फ खरवडते. पण बोर्डाकडं, म्हणजे आकड्याकडं, एकबी पाह्यत नाही. त्यायले मालूम हाय, तिथी काही नाही. पुढची चकती तिथून येत नाही."

मी रकान्याला नाव दिलं: 'गोल खाल्ल्यावर'.

निकालाचा रविवार तुम्हाला आठवत असेल. बेडकाला, म्हणजे नीलच्या गोलकीपरला, तीन बोटं. इराच्याला दोन. आणि एक बोट फक्त लंबूला. मग मी पट्टी काढली, आणि नील किंचाळला, "पण हा तर फायनल हरला होता!"

"हरला," वसरामभाऊ म्हणाले. "कोपरापर्यंत हात घातला, पण कवडी नाही सापडली."

नील दोन रविवार कॉलवर आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तेव्हा पलंगावरचं चित्र तिथंच होतं. पण शेजारी लंबूचं लागलं होतं. शिक्षिकेला कुठे गप्प राहावं ते कळतं.

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर आमचे निवृत्त मुख्याध्यापक पुंडलिकराव बसतात. त्यांना सगळ्या विषयांत शेवटचा शब्द स्वतःचा लागतो. त्यांनी सगळ्यांदेखत वसरामभाऊंना हटकलं.

"काहो ग्रेडर, तुमी म्हणे आता बर्फावरचे खेळाडू पारखून राह्यले. बर्फावर उभे तरी राह्यले का कवा?"

"नाही, गुरुजी."

"मंग?"

"मी कपाशीबी कवा पेरली नाही. तुमच्या वावरातली सतरा वर्सं पारखली. तवा तुमी मले नाही विचारलं, तू पेरतं का म्हणून."

कट्टा हसला. पुंडलिकरावांनी काठी आपटली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला स्वतःच आमच्या दारात हजर झाले. सासूला मुद्दाम कमी प्रत दिली आहे अशी त्यांची तक्रार होती. तिची तडफ त्यांना आवडली होती.

आता इरा, तुझा भाग. तू त्या बाजूला होतीस, ही बाजू तुला माहीत नाही.

त्याच थंडीतली गोष्ट. एका रविवारी तू कॉलवर आलीस. आल्या आल्या एका दमात सगळं सांगितलंस. तुझ्या संघात दोन गोलकीपर, त्यातली एक तू, आणि प्रांताच्या स्पर्धेसाठी प्रशिक्षकबाईंनी दुसरीला निवडलं होतं. तिची सरासरी चांगली, तुझी वाईट. आकडे आहेत, त्याला कोण काय म्हणणार. तू पॅड आणि हेल्मेट विकून टाकायला ठेवलं होतंस. चौदाव्या वर्षी तू म्हणालीस, "आजी, मी चांगली नाही, एवढंच." आणि कॅमेरा बंद केलास.

वसरामभाऊ डाव्या बाजूला होते. त्यांनी तुझं बोलणं सगळं ऐकलं होतं.

"बाई, आकडा कोणी काढला?"

"त्यांच्या प्रशिक्षकबाईंनी. मोसमभराचा."

"गंजीचा काढला. एकेका बंडीचा नाही काढला." ते उभे राहिले. "दोघी पोरीयचे सारे सामने मांगवा. अन् कोणती आपली, ते मले सांगू नका."

तुझ्या बाबांनी सामने पाठवले. हेल्मेट आणि जाळीचा मुखवटा, आत कोण ते मलाही ओळखू आलं नसतं, पण तुझं हेल्मेट पांढरं हे मला माहीत होतं. वसरामभाऊंना नव्हतं. त्यांच्यासाठी एक पांढरं मडकं, एक लाल मडकं. पहिल्याच सामन्यात पांढऱ्या मडक्याने चकती अडवली आणि मी हातातलं पेन घट्ट धरलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमी बाहेर बसा."

"का?"

"तुमचं तोंड नाव सांगून राह्यलं."

माझ्याच घरातून मला बाहेर काढलं. मी चार दुपारी स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडले. पुंडलिकरावांनी लॅपटॉप चालवायचं काम घेतलं. आतून मला फक्त वसरामभाऊंचा आवाज यायचा. "मांगं घ्या." "पुढं." "हा वरचा कापूस, सोडा." "मांगं घ्या."

पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. वहीत पुंडलिकरावांच्या ठळक अक्षरात सगळं उतरलं होतं. वसरामभाऊंनी आधी घसा साफ केला.

"लाल मडकं सोप्या सामन्यायले उभं केलं. पांढरं अवघड सामन्यायले. समोर दांडगे संघ असले की बाईनं पांढऱ्यालेच पाठवलं, हारले म्हणून आकडा पांढऱ्याच्या नावावर चढला. हात कोपरापर्यंत घातला, बाई. पांढऱ्याचा धागा लांब हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी पाहिलं.

"थांबा. ओलं होऊ नका. अजून हाय." ते पुढे वाकले. "पांढरं मडकं गोल खाल्ल्यावर बोर्डाकडं पाह्यते. दर वख्ती. मंग पुढची चकती येते तवा मान अजून वरच असते. अन् दुसरा गोल घुसते. तिचे निम्मे गोल असे दुसरे हायेत."

हे मी तुला त्याच रविवारी जसंच्या तसं सांगितलं. तू संतापलीस. "मी नाही पाहत! मी कधीच पाहत नाही!" मी म्हटलं, बघ. तू बघितलंस. मग एका ओळीचा निरोप आला: 'दर वेळी.'

पुढच्या रविवारी तू ग्रेडर आजोबांना विचारलंस, मग काय करू? त्यांनी उपदेश केला नाही. मला वही उघडायला लावली आणि 'गोल खाल्ल्यावर' हा रकाना वाचून दाखवायला सांगितला. अकराच्या अकरा. लंबू पाणी पितो. सासू भांडते. बुटका बर्फ खरवडतो. "यातलं जे जमन ते घे," ते म्हणाले. तू म्हणालीस, "बर्फ खरवडते."

मी दोघींच्या सामन्यांचा तक्ता इंग्रजीत उतरवून दिला, तू तो प्रशिक्षकबाईंना पाठवलास. पत्रात तुझा दोषही लिहायचा, अशी वसरामभाऊंची अट होती. "कवडी झाकली तर मंग आपण अन् तो टेम्पोवाला एकच." तुला ते आवडलं नव्हतं. पण प्रशिक्षकबाईंचं उत्तर आलं ते त्या दोषामुळेच: जिला आपली चूक इतकी नीट ठाऊक आहे तिला मी एक सामना देते. त्या एकाचे दोन झाले. दोनाचे तीन. आणि अंतिम सामन्याला जाळीसमोर पांढरं मडकं.

तुमच्याकडची संध्याकाळ, आमच्याकडे सकाळचे साडेसहा. मी अंघोळ करून लॅपटॉपसमोर बसले. पुंडलिकराव स्वेटर घालून आले. वसरामभाऊही आले, पण आत आले नाहीत. ओट्यावर खिडकीकडे पाठ करून बसले.

"आत या ना," मी म्हटलं. "आज तरी."

"ओला हाय."

"थंडी आहे बाहेर."

"कोट हाय."

पुंडलिकराव ओरडत होते, मी देवाचं नाव घेत होते, आणि खिडकीतून मला त्यांची काळी पाठ दिसत होती, ताठ. पहिला अर्धा तास कुणाचाच गोल नाही. मग गर्दीतून एक चकती सुटली आणि इराच्या पायांमधून आत गेली. पुंडलिकरावांनी कपाळावर हात मारला. आवाजावरून ओट्यावर कळलं असावं. पाठ न वळवता त्यांनी विचारलं:

"बाई. पाह्यलं का तिनं?"

मी स्क्रीनला नाक लावलं होतं. पांढरं हेल्मेट खाली वाकलं. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय. जाळीसमोरचा बर्फ पांढरा भुगा होऊन उडत होता. मान एकदाही वर गेली नाही.

"नाही, वसरामभाऊ," मी म्हटलं. "बर्फ खरवडते आहे."

ते उठले. कोट झटकला, चपला घातल्या. "मंग झालं. जिंकली का हारली ते परवा पाहीन." आणि फाटक लावून निघून गेले.

तुम्ही जिंकलात, हे तुम्हाला मी काय सांगणार. पुढे एकही चकती आत गेली नाही, तुमच्या संघातल्या मुलींनी दोन गोल केले, आणि शेवटी सगळ्या जणी इराच्या अंगावर पडल्या, त्यात पांढरं मडकं दिसेनासं झालं. पुंडलिकराव रडले. त्यांनी ते कुणाला सांगू नका म्हणून बजावलं आहे, पण तुम्ही फार लांब आहात, तुम्हाला सांगायला हरकत नाही. गल्लीत पेढे वाटले. ज्या घरांना आइस हॉकी म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यांनीही दोन-दोन घेतले. वसरामभाऊंनी पेढा घेतला आणि रुमालात बांधून खिशात ठेवला. परवापर्यंत.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला ते आले. पुठ्ठ्याची पट्टी लावली, आवाज बंद केला, आणि त्यांनी अख्खा सामना पाहिला. मग तुम्हाला फोन लावला. स्क्रीनवर तुम्ही दोघं, तुमचे आईबाबा, इराच्या गळ्यात पदक. वसरामभाऊंनी हात वर केला. दोन बोटं.

"दोन?" नील ओरडला. भांडणात तो या खेपेला बहिणीच्या बाजूने होता. "आजोबा, ती जिंकली!"

"जितणं हा भाव हाय, बाळा. भाव बाजार ठरवते. मी प्रत सांगतो." मग त्यांनी इराकडे पाहिलं. "लंबूनंतर मी एक नंबर कोणाले देल्ला नाही. तुह्या वयात त्यानं काय केलं असन, मले मालूम नाही. दोन नंबर खरा हाय, पोरी. वाळवून पाह्यला."

इरा, तू तेव्हा जशी हसलीस तशी पदक घेतानाही हसली नव्हतीस. मी दोन्ही पाहिलं आहे.

त्यांनी रुमाल सोडला आणि पेढा तोंडात टाकला.

उन्हाळ्यात ते मारेगावला मुलीकडे राहायला निघाले. वय झालं होतं, एकट्याने तांड्यात राहणं मुलीला पटत नव्हतं. मी स्टँडवर पोचवायला गेले. ती वही मी त्यांना देऊ केली, तर म्हणाले, "तुमच्यापाशीच राहू द्या. नवे नमुने येतीन." तिथेच, त्या वर्षीची वेचणी सुरू व्हायच्या आधी, ते गेले. मुलीचा फोन आला तेव्हा मी वही काढून अकराच्या अकरा पानं पुन्हा वाचली, आणि मग बारावं, इराचं.

पण मला ते आठवतात ते स्टँडवरचे. बस भरलेली होती. वसरामभाऊंना खिडकीची जागा मिळाली, आणि त्यांच्या शेजारी पायांपाशी पोतं घेऊन एक अनोळखी शेतकरी बसला होता. गादी भरायला कापूस नेत असावा. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी खिडकीखाली जाऊन म्हटलं, "येते, वसरामभाऊ. पोचल्यावर कळवा." त्यांना ऐकू गेलं नाही. ते खाली वाकले होते. त्या माणसाला काहीतरी विचारून, किंवा बहुधा न विचारताच, त्यांनी काळी बाही दुमडली होती आणि हात कोपरापर्यंत पोत्यात गेला होता. तो माणूस तोंड उघडं टाकून बघत होता.

बस हलली. मी हात केला. त्यांनी चिमूट बाहेर काढली, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढली, जुळवली, पुन्हा ओढली आणि बाही खाली करून तिच्यावर निजवली. बस वळली, धुरळा उडाला, खिडकी लहान होत गेली. त्यांनी काही मान वर केली नाही.